शहराच्या आराखड्यात अन्नाचे प्रकरण लिहा: नगररचनाकारांना आणि पालिकांना खुले पत्र

प्रति,
शहरांचे शाश्वत विकास आराखडे तयार करणारे नगररचनाकार, पालिका आयुक्त, महापौर आणि सर्व लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

शहरांचे शाश्वत विकास आराखडे मी अनेक वर्षे वाचत आले आहे आणि त्यामागच्या कष्टांची मला जाणीव आहे. पाण्याचा ताळेबंद, विजेचा वापर, बस आणि सायकलींचे मार्ग, झाडांची मोजणी, पाणी तुंबणाऱ्या जागांचे नकाशे, सगळे त्यात तपशिलाने मांडलेले असते. पण शहराला रोज लागणारे अन्न कुठून येते, कुठल्या रस्त्याने येते, कुठे उतरते, वाटेत किती नासते, कोणापर्यंत पोचत नाही आणि उरलेले शेवटी कुठे जाऊन पडते, याविषयी बहुतेक आराखड्यांत एक परिच्छेदही नसतो. असलाच तर तो गच्चीवरच्या बागांविषयी असतो. या गाळलेल्या प्रकरणाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

अन्न हा पालिकेचा विषयच नाही, असे उत्तर मी बैठकांमधून पुष्कळदा ऐकले आहे. शेती शेतीखात्याकडे, भाव बाजाराकडे, आहार आरोग्यखात्याकडे, मग पालिकेने त्यात का पडावे? पण पालिका त्यात आधीच पडलेली आहे. हद्दीलगतच्या शेतांमधून नव्या रस्त्याची रेघ ओढली जाते तेव्हा अन्नाचाच निर्णय होत असतो. घाऊक बाजार शहराबाहेर हलवला जातो, मालवाहू ट्रकांच्या प्रवेशाच्या वेळा ठरतात, पदपथावरून भाजीवाल्यांना उठवले जाते, शाळेतल्या जेवणाची निविदा निघते, ओल्या कचऱ्याचा ठेका दिला जातो, तेव्हाही. हे निर्णय पाच-सहा खाती आपापल्या दालनात बसून घेतात आणि त्यांची बेरीज करायला कोणीच बसलेले नसते. ती बेरीज आराखड्यात व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

विषय किरकोळ नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१९ च्या जमीनविषयक अहवालात जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी २१ ते ३७ टक्के वायू अन्नव्यवस्थेतून येतात, असा अंदाज दिला आहे. यात शेतापासून ताटापर्यंतचे आणि ताटानंतरचेही सगळे आले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार तेव्हा जगातले ५५ टक्के लोक शहरांत राहत होते आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे या शतकातले बहुतेक जेवण शहरांत जेवले जाणार आहे. अन्न वगळून केलेला शहराच्या उत्सर्जनाचा हिशेब त्यामुळे अपुरा राहतो, आणि तो अपुरा आहे हे आराखड्यात कुठे नोंदलेलेही नसते.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडायचे आहे. स्थानिक अन्नाचा आग्रह धरणारे आम्ही बरेच जण एकच मुद्दा पुढे करतो: जवळून आणले की इंधन कमी जळते. मुद्दा खोटा नाही, पण फार मोठाही नाही. २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात अन्नाच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास निघाला. जंगल तोडून केलेली शेती, जनावरे, खते, भातखाचरातला मिथेन यांचा भार त्याहून कितीतरी जास्त आहे. थंड प्रदेशात इंधन जाळून उबदार ठेवलेल्या हरितगृहातला टोमॅटो जवळचा असला, तरी उन्हाच्या प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा हवामानाला सहसा महागच पडतो. तेव्हा आराखड्यात फक्त किलोमीटर मोजून समाधान मानू नका. शहराजवळच्या अन्नव्यवस्थेचे खरे मोल वेगळे आहे. नाशवंत माल कमी नासतो. एखादा रस्ता, बंदर किंवा सीमा बंद पडली तरी शहराला दुसरी वाट उरते. शहराने शेतातून उचललेली पोषकद्रव्ये परत शेतात जाऊ शकतात. मोकळी जमीन पावसाचे पाणी पिते आणि उन्हाळ्यात आसपासची हवा थोडी उतरवते. शिवाय पिकवणारा आणि खाणारा एकमेकांना जाब विचारू शकतील इतके जवळ राहतात. हे सगळे मोजता येते, पण त्यासाठी आधी मोजायचे ठरवावे लागते.

सुरुवात जमिनीपासून करावी, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. जगातली बरीच शहरे नदीकाठच्या सुपीक गाळाच्या जमिनीवर वसली. ती वसलीच तिथे अन्न पिकत होते म्हणून. आजही जगातल्या सिंचनाखालच्या पिकाऊ जमिनीपैकी सुमारे ६० टक्के जमीन कुठल्या ना कुठल्या शहरापासून वीस किलोमीटरच्या आत आहे, असे २०१४ च्या एका जागतिक मोजणीत दिसले. शहरे पसरल्यामुळे २०३० पर्यंत जगातली साधारण दोन टक्के पिकाऊ जमीन जाईल, असा २०१७ च्या एका अभ्यासाचा अंदाज होता. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण जाणारी ही जमीन सरासरी जमिनीच्या जवळजवळ पावणेदोन पट पिकणारी आहे, आणि जाणाऱ्या जमिनीतला ऐंशी टक्के वाटा आशिया आणि आफ्रिकेतला आहे.

आराखड्याच्या नकाशात मात्र ही जमीन कशी दिसते? पिवळा, लाल, जांभळा असे बांधकामाचे रंग भरून झाल्यावर जे उरते त्याला फिकट हिरवा रंग देऊन ‘शेती विभाग’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘अजून विकास न झालेली जागा’ असाच घेतला जातो. नकाशा प्रसिद्ध होण्याआधीच प्रस्तावित रस्त्याची कुजबुज गावात पोचते. दलालांच्या फेऱ्या सुरू होतात, भाव चढतात. मग विहिरीची दुरुस्ती कशाला, नवी पाइपलाइन कशाला, असे म्हणत शेतकरी गुंतवणूक थांबवतो. शेत दोन-तीन वर्षे पड राहते आणि मग पडीक आहे म्हणूनच ते विकासाला योग्य ठरते. यात शेतकऱ्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. घरातली आजारपणे, मुलांची शिक्षणे, डोक्यावरचे कर्ज, सगळ्याला त्या एका जमिनीचाच आधार असतो. शहराला शुद्ध हवा आणि ताजी भाजी हवी म्हणून त्याने आयुष्यभर गरीब राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून नुसते आरक्षण टाकून भागत नाही, भरपाईही द्यावी लागते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीने १९७९ मध्ये मतदारांच्या संमतीने रोखे काढले आणि शेतजमिनींवरचे बांधकामाचे हक्क विकत घेतले. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहिली, ती विकण्याची मुभाही राहिली, पण तिथे शेतीच होईल हे कायमचे ठरले. बार्सिलोनाला खेटून योब्रेगात नदीच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात विमानतळ, बंदर आणि महामार्ग यांच्या कचाट्यात शेती टिकून आहे. तिच्यासाठी १९९८ मध्ये कृषी उद्यानाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली आणि तिच्या कारभारात स्थानिक प्रशासनाच्या बरोबरीने शेतकरी संघटनेला जागा मिळाली. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बांधांची देखभाल, पाटाचे पाणी, रात्रीच्या चोऱ्या, कोणीतरी आणून टाकलेला राडारोडा, अशा कटकटींवर जिथे रोजच्या रोज कोणी लक्ष देते, तिथेच शहराच्या कडेची शेती तग धरते.

कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने ते ठिकाण एकदा पाहायला हवे. शहराचे सांडपाणी कालव्यांतून पूर्वेला जाते आणि ‘भेरी’ म्हणतात त्या उथळ तलावांत सोडले जाते. तलाव मुद्दाम उथळ ठेवलेले असतात, त्यामुळे ऊन तळापर्यंत जाते. शेवाळ वाढते, रोगजंतू घटतात, मासे ते शेवाळ खातात आणि तलावातून निघालेले पाणी पुढे भातशेतीला जाते. शेजारीच जुन्या कचऱ्याच्या जमिनीवर भाजीपाला पिकतो. कुठले पाणी, केव्हा आणि किती आत घ्यायचे, हे तिथले मच्छीमार पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवत आले. १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते याचा माग काढला, तेव्हा ही सगळी व्यवस्था कागदावर आली. तोपर्यंत शहराच्या लेखी ती निव्वळ भरावासाठी पडलेली दलदल होती. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या भरावाला लगाम घातला, २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. अतिक्रमणे तरीही होतात, आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या जड धातूंची काळजी खरी आहे. घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करू दिले, तर निसर्गाची कितीही चांगली व्यवस्था हतबल होते. शेतीसाठी सांडपाणी वापरताना काय काळजी घ्यावी, याच्या मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्येच दिल्या आहेत. त्या आराखड्यात घ्या आणि पाणी, माती, भाजी तपासण्याचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात धरा. जगभरात अनेक शहरांच्या कडेला सांडपाण्यावर भाजी पिकते. ते न पाहिल्यासारखे करून कोणाच्याही आरोग्याचे रक्षण होत नाही.

आता बाजाराकडे वळते. घाऊक बाजार म्हटले की आराखड्यात वाहतूककोंडी आणि दुर्गंधी एवढेच शब्द येतात, आणि मग तो बाजार दूर नेण्याची शिफारस होते. एकदा पहाटे तिथे उभे राहून पाहा. माल उतरतो, लिलाव किंवा बोली होते, पाठीवरून, हातगाडीवरून, टेंपोतून माल निघतो आणि ऊन तापायच्या आत गल्लीबोळांत पोचलेला असतो. हे सगळे वेळेच्या गणितावर चालते. तोडलेली भाजी जिवंत असते, ती श्वसन करत राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. पालेभाजीतले तीन-पाच टक्के पाणी उडाले तरी ती कोमेजलेली दिसू लागते आणि गिऱ्हाईक ती बाजूला सारते. बाजार दूर गेला की हातगाडीवाल्याचा दीड-दोन तासांचा सकाळचा धंदा रस्त्यातच जातो. छोटा विक्रेता माल कमी उचलतो किंवा भाव वाढवतो, आणि ज्या वस्तीत मोठे दुकान नाही तिथे ताजी भाजी मिळायची बंद होते.

म्हणून विक्रीच्या जागेवरची सावली हाही हवामान कृतीचाच भाग धरावा, असे मी आग्रहाने म्हणते. पत्र्याचे नाही, हवा खेळणारे उंच छत, पिण्याच्या पाण्याचा नळ, म्हणजे जुडीवर गटारालगतच्या पिंपातले पाणी शिंपडावे लागणार नाही. पहाटे तीनला घरून निघालेल्या बायकांसाठी स्वच्छतागृह. न विकलेला माल रात्रभर ठेवायला, पेटीच्या हिशेबाने भाड्याने मिळेल अशी छोटी शीतखोली. यातले काहीही महागडे नाही. रस्त्याच्या एका उड्डाणपुलाच्या खर्चात शहरभरच्या विक्रेत्यांची सोय होईल, आणि नासाडी जिथे सुरू होते तिथेच ती अडवली जाईल.

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकांचा हक्क मानून पालिकेत अन्नपुरवठ्याचा स्वतंत्र विभाग उघडला. मोक्याच्या सरकारी जागा विक्रेत्यांना दिल्या, पण ठरावीक वस्तू पालिकेने बांधून दिलेल्या भावात विकण्याच्या अटीवर. शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी शहरात ठिकाणे दिली. स्वस्त आणि सकस जेवणाची मोठी सार्वजनिक भोजनालये चालवली. तिथे गरीबही जेवतात आणि नोकरदारही, त्यामुळे रांगेत उभे राहण्याचा कमीपणा कोणाला वाटत नाही. पालिकेच्या हातात असलेल्या गोष्टी, म्हणजे जागा, परवाने आणि स्वयंपाकघरे, त्यांनी एका धाग्यात ओवल्या.

स्वयंपाकघरांचा विषय निघालाच आहे, तर पालिकेच्या हातातले सर्वांत जोरकस साधन तेच आहे हेही सांगते. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, अंगणवाड्या, निवारे: पालिका स्वतःच शहरातली मोठी गिऱ्हाईक असते. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय जेवणासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी बांधून दिली. कोपनहेगनने सार्वजनिक स्वयंपाकघरांत ९० टक्के सेंद्रिय मालाचे उद्दिष्ट ठेवले आणि मुख्य भर आचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर दिला. मांस कमी, हंगामी भाज्या जास्त, तयार पाकिटांऐवजी ताजा स्वयंपाक आणि कमी नासाडी, यांतून जवळजवळ आहे त्याच खर्चात त्यांनी ते साधत आणले.

असे इतरत्र का होत नाही? निविदा वाचली की कळते. वर्षभर एकाच प्रकारची भाजी, सगळ्या केंद्रांना एकच पुरवठादार, लाखोंची अनामत, मागच्या तीन वर्षांची मोठी उलाढाल, आणि बिल केव्हा मिळेल याचा पत्ता नाही. दहा-बारा शेतकऱ्यांच्या गटाला यात शिरकावच नाही, आणि शिरलाच तर थकलेल्या बिलांपायी दुसऱ्या वर्षी तो बाहेर पडतो. निविदा भागाभागांत काढा, हंगामानुसार भाज्या बदलू द्या, अनामत कमी करा आणि माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्या. शेवटची अट पाळली तरी निम्मे काम होईल.

कचऱ्याकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात घरे, भोजनालये आणि दुकाने मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले ६० टक्के घरांतून. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा भूभरावात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकायला बंदी केली आणि २०१३ पासून जितका कचरा तितके पैसे घ्यायला सुरुवात केली. मिलान शहराने विकले न गेलेले चांगले अन्न दुकानांतून गोळा करून वाटणारी केंद्रे वस्त्यावस्त्यांत उघडली, त्याबद्दल २०२१ मध्ये त्याला अर्थशॉट हा पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण माझी तळमळ आहे ती खताविषयी. ओल्या कचऱ्याचे खत शेतकऱ्यांना देणार, असे प्रत्येक आराखड्यात लिहिलेले असते. शहरातून आलेला असा एक ढीग मी शेताच्या बांधावर हाताने चाळला आहे. मूठभर खतात शाम्पूच्या पुडीचा कोपरा, बाटलीचे झाकण, रबरबँड, केसांचा गुंता, काचेचा बोटभर तुकडा. शेतकऱ्याने तो ढीग परत नेण्यास सांगितले, आणि त्याचे बरोबर होते. त्याची मुले त्या वावरात अनवाणी चालतात. खत फुकट दिले म्हणून ते कोणी घेईलच असे नाही. उगमापाशी वर्गीकरण झाले, प्रत्येक खेपेची तपासणी झाली, तिचा निकाल पोत्यावर छापला गेला आणि वाहतुकीचा खर्च शहराने उचलला, तरच मातीतून आलेले नत्र, स्फुरद आणि पालाश मातीत परत जाते. किती टन कचरा प्रक्रियेसाठी गेला, हा आकडा आराखड्यात पुरेसा नाही. किती टन खत शेतकऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून नेले, तो आकडा द्या.

गच्चीवरच्या आणि परसातल्या बागा चांगल्याच आहेत. त्यातून शहराचे पोट भरणार नाही, पण मुलांना माती कळते, एकट्या वृद्धांना सोबत मिळते. फक्त जुन्या कारखान्यांच्या किंवा रहदारीच्या कडेच्या जागा बागांना देण्याआधी मातीतले शिसे तपासा. अर्जेंटिनातल्या रोझारियोने तर यातूनही मोठे काम उभे केले. २००१ मध्ये देशाची अर्थव्यवस्था कोसळली आणि दुसऱ्या वर्षी पालिकेने रेल्वेच्या कडेच्या, पुराच्या धोक्यामुळे बांधकामाला अयोग्य असलेल्या, पडून राहिलेल्या जागा लोकांना पिकवायला दिल्या. पुढे त्या जागा शहराच्या भूवापर नियोजनात अधिकृतपणे आल्या. नकाशात नोंद झाली म्हणूनच सरकारे बदलूनही तो उपक्रम टिकला, असे मला वाटते.

कारभाराची बाजू थोडक्यात सांगते. टोरांटोने १९९१ मध्ये आरोग्य मंडळाच्या छत्राखाली अन्नधोरण परिषद नेमली. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी मिलानमध्ये शंभराहून अधिक शहरांनी नागरी अन्नधोरणाचा करार केला, त्यात ३७ शिफारशी आहेत. सही करायला हरकत नाही, पण सहीने काही होत नाही. जबाबदार अधिकारी, अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) आणि दरवर्षी प्रसिद्ध होणारा अन्नाचा नकाशा, हे तिन्ही असेल तर काम पुढे सरकते. पहिल्या वर्षी नुसता नकाशा झाला तरी चालेल. कुठल्या वस्तीतून चालत जाण्याच्या अंतरावर ताजी भाजी मिळत नाही, हद्दीलगत किती शेतजमीन उरली आहे, माल कुठल्या पुलावरून शहरात येतो आणि तो पूल पुरात बंद पडला तर पर्याय काय, हे त्यावर दिसू द्या.

आणखी एक विनंती. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवण्याची सूचना वर्तमानपत्रात आणि कार्यालयाच्या फलकावर लागते, सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभागृहात होते. त्या वेळी शेतकरी शेतात असतो, भाजीवाली तिच्या गाडीवर आणि शाळेतली स्वयंपाकीण चुलीपाशी. या वेळी सूचना घाऊक बाजाराच्या प्रवेशद्वारावर, साध्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत लावा. एक सुनावणी बाजारातच, लिलाव संपल्यानंतर दुपारी घ्या आणि एक हद्दीबाहेरच्या गावात संध्याकाळी. हरकत लिहून देता येत नसेल त्याची तोंडी हरकत तिथेच लिहून घ्या आणि तिची पोच द्या.

कळावे.

आपली नम्र,
अन्नाच्या प्रश्नावर काम करणारी एक नागरिक